मांजरांचा निकाल लागायचा राहिला

प्रिय नाना,

आज सकाळी मी एक फोन केला आणि माझी पीएचडी लांबली. दोष अर्धा माझा आहे. उरलेला तुमचा आणि शेजारच्या गोदाकाकूंच्या सुंदरी मांजरीचा, तो तुम्ही दोघांनी आपसात वाटून घ्या. हे तुम्हालाच सांगायला हवं होतं. तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हा आता लिहूनच सांगते.

तुम्हाला माझा विषय आठवतो ना? करोना विषाणूंवर जगभर आजवर काय काय संशोधन झालं, त्याचा नकाशा. माझ्यासारख्या कॉलेजच्या ग्रंथपालबाईनं हा विषय घेतला म्हटल्यावर सगळ्यांनी भुवया उंचावल्या होत्या. तुम्ही मात्र विचारलंत, "तू सोता औषीद शोधनार का गं?" मी म्हटलं, नाही नाना, कोणी काय शोधलं ते मी मोजणार. तुम्ही मान डोलावलीत. "म्हंजी शिरगनतीच की!" इतक्या थोडक्यात माझा विषय मला स्वतःलाही कधी सांगता आला नव्हता.

आणि लॉकडाऊनमधली ती संध्याकाळ? टीव्हीवर 'नवा विषाणू, नवा विषाणू' चाललं होतं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "नवा कसला? कोंबड्यांची सर्दी ह्याच घराण्यातली. घरानं येक, भाऊबंद निराळं. म्या सोता हजारो पिल्लांच्या डोळ्यात लशीचं थेंब सोडल्यात." आम्ही सगळे हसलो. मी तर सर्वांत जास्त. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून राबलेल्या माणसाला मी, पदव्युत्तर शिकलेली सून, हसले! त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, "नानांना प्रत्येक गोष्टीत कोंबड्या दिसतात." ते पान मी फाडलेलं नाही. फाडावंसं अनेकदा वाटलं.

मग माझं काम सुरू झालं आणि याद्या आल्या. हजारो निबंधांची नुसती शीर्षकं! मी ठरवलं होतं की जनावरांवरचे निबंध सरसकट वगळायचे. अडचण एवढीच होती की कोणता निबंध ठेवायचा आणि कोणता काढायचा हे दोन माणसांनी एकमेकांचं न बघता ठरवावं लागतं. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत येते. त्या दिवसांत दुसरं माणूस आणायचं कुठून? दारापुढच्या ओट्यावर एक माणूस रिकामा बसलेला होता. तुम्ही.

तुमचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवर शिकलेलं, पण त्या बाटल्यांवर जनावरांची आणि रोगांची नावं सगळी होती. तेवढ्यावर तुम्ही लाल-निळी पेन्सिल घेऊन बसलात. 'ठेवा'ला लाल, 'काढा'ला निळी. मी जवळून गेले तरी कागदावर टॉवेल टाकायचात, शाळेत शेजारच्यापासून पाटी लपवावी तसा. "बघायचं न्हाई असं तूच म्हनलीस. आता कशाला डोकावती?"

एकच निबंध दोन-दोन याद्यांत येत होता आणि माझा हिशेब सारखा चुकत होता, तेव्हा उपायही तुम्हीच सांगितलात. "आमी लस टोचली की म्हशीच्या शिंगाला रंगाचा ठिपका द्यायचो. न्हाईतर घोडेगावच्या बाजारात गेलेली म्हैस परत गावात येती अन् तिला दुसऱ्यांदा सुई." त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीला मी ठिपका द्यायला लागले. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात त्याला 'द्विरुक्त नोंदींचे निर्मूलन' असं भारदस्त नाव आहे. आत ठिपकाच आहे.

दोघांच्या याद्या जुळवायला बसलो त्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं. तुम्ही कोंबड्या ठेवल्या होत्या, वासरं ठेवली होती, डुकरंसुद्धा ठेवली होती. मी सगळी काढली होती. तुम्ही म्हणालात, "बुडखा तोडून झाडाचा नकाशा काढनार व्हय?" तुमचं ऐकून, खरं तर तुम्हाला चूक ठरवायलाच, मी दोन्ही नकाशे काढले. ज्या विषयावर निबंध जास्त त्याचा गोल मोठा, जुने निबंध निळे आणि नवे पिवळे, एकानं दुसऱ्याचा आधार घेतला की मध्ये रेघ. माझा नकाशा एकदम पिवळाधमक सुरू झाला, जणू हा विषाणू आभाळातून पडला. तुमच्या नकाशात एका कोपऱ्यात निळं गाव उमटलं. तुमच्या जन्माच्याही आधीपासून लोक कोंबड्यांच्या सर्दीवर लिहीत होते, नाना! आणि तिथून रेघा निघून थेट त्या पिवळ्या गोलांत गेल्या होत्या.

मी तेव्हा काय म्हणाले? "बरोबर आहे तुमचं," एवढंच, आणि तेही हळू आवाजात. मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

दुसरा कागद मी तुम्हाला दाखवला तो कोणत्या वर्षी किती निबंध निघाले याचा. साथ आली की रेघ वर चढते, साथ सरली की उतरते. पुढच्या साथीला पुन्हा तेच. तुम्ही बराच वेळ बोट फिरवत राहिलात. "साथ सरली की आमच्या लशीच्या पेटीकडं कुनी बघत नव्हतं. मला वाटायचं हे आपल्याच तालुक्यात हाय. समद्या जगाचं तसंच म्हन की!" माझ्या निष्कर्षांचं प्रकरण अठ्ठावीस पानांचं आहे. याहून जास्त त्यात काही नाही.

आता तक्रार. मांजरांचं काय केलंत?

मांजरांनाही यांच्यापैकीच एका विषाणूचा आजार होतो आणि त्यावर ढीगभर निबंध आहेत. तुमच्या यादीत ते सगळेच्या सगळे निळे. काढा, काढा, काढा! मी विचारलं तर तुम्ही साहेबी आवाज लावलात, "मांजर हे पशुधन न्हाई. आमच्या दप्तरात त्याचा रकानाच न्हवता." मला पटलंही असतं. पण ओट्याच्या भिंतीपलीकडून गोदाकाकू ओरडल्या, "रकान्याचं नाव कशाला घेता भावजी? सुंदरीनं तुमच्या कोंबडीची सात पिल्लं खाल्ली म्हनून राग हाय तुमाला!"

"सात न्हाई, आठ!" तुम्ही भिंतीकडे तोंड करून ओरडलात.

आणि तिथेच तुमचं बिंग फुटलं.

आठवडाभर मी तुमची समजूत घालत होते. नाना, ही सुंदरी नाही, हे जगातलं मांजर आहे. तुम्ही म्हणायचात, "जगातलं मांजर काय डाळभात खातं?" मतभेद असला तर दोघांनी बसून निकाल लावायचा, असा आपला नियम होता. मांजरांचा निकाल लागायच्या आतच तुम्ही एका दुपारी ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. पेन्सिल खिशातच होती.

मग मी एकटीनं मांजरं नकाशात घातली. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण गेलेल्या माणसाचं मत आपण एकट्यानं कसं फिरवायचं? म्हणून तुमचा विरोध मतभेदांच्या तक्त्यात होता तसा ठेवला. एवढा प्रामाणिकपणा दाखवून वर मात्र लिहिलं, 'दुसरे पडताळणीकार: विषयतज्ज्ञ'. हा शब्द मार्गदर्शक सरांनी सुचवला. "सासरे लिहिलंत तर लोक हसतील, मॅडम." एकदा हळू बोलून लपवलं होतंच, आता लोक हसतील म्हणून मी तुम्हाला दुसऱ्यांदा लपवलं, नाना.

गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक शांत गृहस्थ होते. तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "गायी, कोंबड्या, डुकरं, इथे तुमचं नंतर एकमत झालं. मांजरांवर एकदाही नाही. असं का?" माझ्या डोळ्यांपुढे सुंदरी उभी राहिली. मी म्हणाले, "सर, व्याप्तीविषयी विषयतज्ज्ञांची भूमिका वेगळी होती." मार्गदर्शक सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परीक्षक म्हणाले, "उत्तम. हेच एका परिच्छेदात लिहून अंतिम प्रतीत घाला, की झालं."

तो परिच्छेद लिहायला मी आठ दिवस बसले, नाना. 'भूमिका' या शब्दाच्या पुढे पेन सरकेना. शेवटी आज परीक्षकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सासरे, ओटा, टॉवेल, आठ पिल्लं, दप्तरात नसलेला रकाना. मनात म्हटलं, गेली पदवी.

मग त्यांनी विचारलं, "पिल्लं गावरान होती?"

"हो सर."

"मग राग येणारच." आणि पुढे म्हणाले, "मॅडम, त्यांचं नाव आणि हुद्दा खरा लिहा. ज्यानं नकाशातल्या कोंबड्या वाचवल्या त्याला नुसतं विषयतज्ज्ञ काय म्हणता? पण मांजरांची पडताळणी मात्र तिसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घ्या. तोवर निकाल थांबेल."

तर अशी लांबली. दुपारी लगेच तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या आनंदानं तयार झाल्या. मी खबरदारी म्हणून विचारलं, "तुमच्याकडे मांजर नाही ना?" म्हणाल्या, "तीन आहेत! अगदी पोटच्या पोरांसारखी." आता सांगा, यांना कसं बसवू? ज्यानं मांजर पाळलं नाही आणि ज्याच्या कोंबड्याही कोणी खाल्ल्या नाहीत, असा माणूस आपल्या तालुक्यात मिळेल का हो?

मिळेल. शोधते.

आणि एक वचन देते. प्रबंधात तुमचं पूर्ण नाव छापीन, खाली 'पशुधन पर्यवेक्षक (निवृत्त)' असं लिहीन, आणि कोंबड्यांबाबत ते बरोबर होते व मी चूक होते हे वाक्य मोठ्यानं वाचता येईल अशा जागी घालीन. मांजरांबाबत मात्र तुम्ही चूक होतात, तेही छापीन. तिसऱ्या माणसानंही माझ्यासारखंच म्हटलं तर ती नकाशात राहतील.

घरात घेणार नाही. सुंदरी सध्या तुमच्या खुर्चीखाली येऊन बसते. उठवते मी तिला. रोज.

तुमची सून आणि पहिली पडताळणीकार,
वृषाली