शेवटच्या कडव्यातलं नाव

छावणी, छत्रपती संभाजीनगर
२२ सप्टेंबर २०२४

ती. गोजरआत्यास,
रूपाचा सा. सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि चांगली बातमी मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. आईची तब्येत आता बरी आहे. जिना स्वतः चढते आणि माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवते, यावरून काय ते समज.

बातमी अशी, की आई दवाखान्यात असताना मी जे गीत रचलं होतं, ते गेल्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे गायले. तू असायला हवी होतीस. गाण्याआधी मी चार शब्द बोलले. गीत मला कसं सुचलं, चाल कशी माझी मीच बसवली, कंपनीच्या बसमध्ये चितेगावला जाता-येता कसं घोळवलं, सगळं सांगितलं. उपासना संपल्यावर बायकांनी मला सोडलंच नाही. व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला, तोही पुष्कळांनी पाहिला. चितेगावला गुरुवारी पाळी सुटल्यावर आमची छोटी प्रार्थनासभा असते, तिथल्या बायकांनाही मी ते शिकवलं. आता डिसेंबरात शहरातल्या सगळ्या मंडळ्यांचा नाताळ मेळावा आहे आणि तिथं नवीन गीत म्हणून माझंच घ्यायचं चाललं आहे.

पण नानासाहेबांनी खोडा घातला. मेळाव्याच्या समितीचे ते प्रमुख. सगळं गीत वेगळ्या कागदावर सोबत पाठवते आहे, त्यातलं शेवटचं कडवं असं आहे:

रूपा म्हणे, मेंढपाळा,
रानी शोधिलेस मला;
नाव घेता ओळखावे,
एवढेच मागू तुला.

जुन्या गीतांत रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, तसंच मी घातलं. नानासाहेब म्हणतात, जिवंत माणसाचं नाव उपासनेत गायची आपल्याकडे रीत नाही, ‘रूपा’ काढ आणि ‘दासी म्हणे’ कर. म्हणजे माझं नाव गाण्यात यायचं तर आधी मी मरायला हवं. आणि दासी तर कुणीही असेल. मी स्पष्ट सांगितलं, गीत जाईल तर नावासकट, नाहीतर जाणार नाही. यात माझं काय चुकलं? माझ्या बाजूनं दोन शब्द लिहिलेस तर ते मी नानासाहेबांना दाखवीन.

लोभ आहेच, तो तुझ्या प्रार्थनेतही असू दे.
तुझी,
रूपा


सोयगाव
३ ऑक्टोबर २०२४

चि. रूपास,
अ. आ. व प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

वहिनी जिना चढते हे वाचलं आणि गुडघे टेकून देवाचे आभार मानले. उठायला मात्र शेजारच्या लक्ष्मीबाईला हाक मारावी लागली. इथं कापसाची वेचणी सुरू झाली आहे, त्यामुळे दिवसा गल्लीत चिटपाखरू नसतं आणि मला पत्र लिहायला निवांतपणा मिळतो.

नानासाहेबाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तो आणि तुझा बाप लहानपणी खुलताबादच्या वाटेवर लोकांच्या मळ्यातली सीताफळं पळवायचे. तेव्हा त्याला कुठलीच रीत आठवत नसे. आता वय झालं, तशा सगळ्या एकदम आठवायला लागल्या आहेत.

तुझं गीत चांगलं आहे. ऐकणं माझ्या नशिबी नाही, म्हणून मांडीवर ताल धरून वाचलं. कुठंही अडलं नाही. पण तुझ्या पत्रात ‘मी’ एवढी दाटी करून बसली आहे, की प्रभूला उभं राहायला जागा शोधावी लागली. बायका काय म्हणाल्या ते लिहिलंस, व्हिडिओ किती पाहिला गेला ते लिहिलंस. ज्याच्यासाठी गीत केलंस, त्याला ते पसंत पडलं का, हे त्याला विचारलंस का गं?

मी बायबलबाई म्हणून वचन सांगत, गीतं गात या तालुक्यातलं गाव न् गाव पालथं घातलं. लोक म्हणायचे, बाई, काय गळा आहे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता गळाही गेला आणि कानही गेले. आज कुणी तसं म्हटलं तरी मला कळणार नाही, आणि तरी माझं सकाळचं गाणं सुटलेलं नाही.

नाव ठेव की काढ, ते मी सांगणार नाही. ते कुणाला ऐकवायचं आहे, एवढं मनाशी ठरव. हे पत्र नानासाहेबाला दाखवलंस तरी चालेल, सीताफळांसकट.

वहिनीला सलाम. लोभ रागावून कमी करू नकोस.
तुझी,
गोजरआत्या


छावणी
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला, म्हणून उत्तराला उशीर झाला. देवाची पसंती मलाही हवीच आहे. पण माणसांनी आपलं श्रेय बुडवावं, असं देवानं कुठं सांगितलंय? मी समितीला गीत मागे घेत असल्याचं कळवलं. नानासाहेबांनी विचार करायला महिन्याभराची मुदत दिली आहे. मला विचार करायचा नाही.

त्यात आणखी एक झालं. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दगडाबाई म्हणून पोळ्या लाटायला आहेत. साठीच्या असतील, लिहिता-वाचता येत नाही. गुरुवारची प्रार्थना त्यांच्याच खोलीत होते. सोमवारी जेवायला गेले, तर त्या लाटता लाटता माझं गीत म्हणत होत्या. मी कौतुकानं थांबले. शेवटचं कडवं आलं आणि बाई सरळ म्हणाल्या, ‘दगडा म्हणे, मेंढपाळा’. नानासाहेब निदान काढून टाका म्हणत होते, यांनी तर स्वतःचं नाव घातलं.

मी तिथल्या तिथं सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की हे गीत माझं आहे, तिथं माझं नाव आहे आणि ते असं बदलायचं नसतं. मी काही ओरडले नाही. त्या बरं म्हणाल्या आणि लाटू लागल्या. या गुरुवारी प्रार्थना झाली, चहाही त्यांनी केला, पण त्या गायल्या नाहीत. एकही गीत नाही. मी चूक दुरुस्त केली, एवढंच. तरी दोन दिवस जेवण जात नाहीये आणि आई सारखी विचारते आहे.

लोभ असावा, माझं पटलं नाही तरी.
रूपा


सोयगाव
४ नोव्हेंबर २०२४

चि. रूपास,
अ. आ. व सलाम. वि. वि.

दिवाळीची गर्दी होती, पोस्टमन आजच आला. थोडक्यात लिहिते, म्हणजे हात थरथरायच्या आत संपेल.

नाव तुझं राहिलं आणि एका बाईचं गाणं बंद पडलं. आता ते गीत घेऊन देवापुढे कुठल्या तोंडानं उभी राहशील? तू रागावलीस तर रागाव. मी तुझ्या बापाची मोठी बहीण आहे, तुझ्या रुसण्याला भिणारी नाही.

दगडाबाईकडे जा. समजवायला जाऊ नकोस, विचारायला जा. त्या बाईनं तिथं आपलं नाव का घातलं, ते तू तिला विचारलंच नाहीस. येताना पोळीबिळी दिली तर नको म्हणू नकोस.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं.
गोजरआत्या


छावणी
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

गेले होते. दाराशी पोचेपर्यंत मनात तीन वेळा परत फिरले. दगडाबाईंनी आधी चहा ठेवला, मग मीच विषय काढला. माफी मागितली. त्यांना माफीचं काही वाटलं नाही, उलट त्याच ओशाळल्या. त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

“मला वाटलं, तिथं ज्यानं त्यानं आपलं नाव घ्यायचं असतंय. म्या ‘रूपा’ म्हणलं, तर तो तुमालाच वळखंल. मला कसा वळखायचा?”

मग सांगू लागल्या, की त्यांच्या आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून हिला तरी दृष्ट लागू नये असं हे नाव ठेवलं. जन्मभर लोक हसले. या नावानं कुणी लाडानं हाक मारली नाही. त्या कडव्यात ते घातलं तेव्हा लई बरं वाटलं, म्हणाल्या.

आत्या, मी तिथंच रडले. ते कडवं मी लिहिलं, गायलं, त्यासाठी सगळ्यांशी भांडले. आणि त्यात मेंढपाळाकडे काहीतरी मागितलं आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी नाव घेत होते ते मंडळीनं ओळखावं म्हणून. बाईंनी ते खरोखर त्याच्याकडे मागितलं.

दुसऱ्याच दिवशी नानासाहेबांकडे गेले. म्हटलं, गीत घ्या. ‘रूपा’ही नको आणि ‘दासी’ही नको. कागदावर तेवढी जागा कोरी सोडा, आणि ज्यानं त्यानं तिथं आपलं नाव घालून गायचं. रचणाऱ्याचं नाव खालीही छापायचं नाही. ते म्हणाले, एवढी माणसं एवढी नावं घेणार, सगळा गोंधळ होईल, ताल तुटेल, शिवाय जिवंत माणसांची नावं. मी म्हटलं, मेलेली माणसं गायला येणार नाहीत. ते बरेच चिडले. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी ते खिडकीकडे तोंड करून हळूच पुटपुटले, ‘नाना म्हणे, मेंढपाळा’. मग वळून कागद छापायला घ्या म्हणाले. सीताफळांचा विषय काढावा लागला नाही.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा स्टेटसला ठेवत होते, तेही बंद केलं. सोपं गेलं असं समजू नकोस. गीत माझं आहे हे कुणाला तरी सांगावं, असं दिवसातून कितीदा तरी तोंडावर येतं, ते गिळते. माझ्यासाठी प्रार्थना कर. लोभ तर तू न मागता करतेस.
तुझी,
रूपा


छावणी
१६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

काल मेळावा झाला. मंडप भरून लोक बाहेर उभे होते. चितेगावच्या बायकांना मी घेऊन आले होते, दगडाबाई नवीन लुगडं नेसून आल्या. आई म्हणाली दोन तास बसवणार नाही, आणि शेवटपर्यंत बसली.

आमचं गीत आलं तेव्हा सूत्रसंचालन करणारा सोमनाथ म्हणाला, हे नवीन गीत कुणी रचलं ते कागदावर नाही, ती व्यक्ती इथं असेल तर तिनं पुढं यावं, आपण तिचं स्वागत करू. लोक माना वळवून बघू लागले. नानासाहेबांनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, माझा एक पाय उचलला गेला होता. मी तो खाली ठेवला आणि मानेनं नाही म्हटलं. नानासाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली.

सुरुवातीची कडवी नीट झाली. शेवटच्या कडव्याला एकदम गलका उठला. कुणी ‘सोनिया म्हणे’, कुणी ‘राजकुमार म्हणे’, लांब नावांची फरपट, लहान पोरांचा आरडाओरडा. पेटी थांबली, ताल तुटला, नानासाहेब म्हणाले होते अगदी तस्संच. मग ‘मेंढपाळा’वर सगळे पुन्हा एकत्र आले. माझ्या डाव्या हाताला दगडाबाई डोळे मिटून गात होत्या.

देवाला ते पसंत पडलं का, मला माहीत नाही. आता त्याची घाईही नाही, मी गात राहणार आहे. त्या गलक्यात मीही ‘रूपा म्हणे’ म्हणाले, छातीत होता तेवढा सगळा आवाज लावून. उजवीकडे मला खेटून उभ्या असलेल्या आईलासुद्धा ते ऐकू गेलं नाही. मी ते तिला ऐकवत नव्हते.

तुझा लोभ आहे, तो आता दगडाबाईंनाही थोडा दे.
तुझी,
रूपा