डीटरची तलवार, माझे दगड आणि बाकीचं सामान

मी, शैला ब्रांट, माहेरची शैला गणपत लोहार, वय त्रेपन्न, धंदा जुन्या जपानी तलवारींना पॉलिश करणे, राहणार लिंडेन, हॅनोव्हर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण त्याचा सहीशी संबंध नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. चौथी शिकले आहे, चुका काढत बसू नये.

शेजारची नीलिमा हे जर्मनमध्ये करून देणार आहे. तिने शब्द गोड करू नयेत.

कलम १. वोनुंग, म्हणजे राहती जागा, भाड्याची आहे, ती देता येत नाही. बँकेत असेल ते, दोन पाटल्या आणि घरातलं सगळं सामान माझी एकुलती एक मुलगी मालविका हिचं. ती नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सामान नको असेल तर टाकून द्यावं, मला वाईट वाटायला मी नसेन. फक्त मागच्या अंगणातल्या कामाच्या खोलीत पुढची कलमं वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

कलम २. कामाच्या खोलीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लांब तलवार आहे. ती गिऱ्हाइकाची नाही. माझा नवरा डीटर यांची आहे. डीटर तरुणपणी जपानात राहून हे काम शिकले. मी पुण्याच्या एका कुटुंबाची मुलं सांभाळायला इथे आले होते आणि संध्याकाळी डीटरची खोली साफ करायचे. पॉलिशच्या दगडांचा चिखल पुसता पुसता दगड हातात आला. लग्न नंतर झालं. माझे वडील मिरजेत सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, म्हणून मला वाटायचं, यात काय शिकायचं. डीटर म्हणायचे, धार लावायची विसर, मग शिकशील.

ही तलवार त्यांनी स्वतःसाठी घेतली, सुरुवातीचे भरड दगड लावले आणि ठेवून दिली. पुढे त्यांना झटका आला, उजवा हात गेला, काही वर्षांनी ते गेले. मी लोकांच्या तलवारी करत राहिले. घरची तशीच पडून राहिली. ती पूर्ण करून जायचं असं मी ठरवलं आहे.

म्हणून मी इंजेक्शनं थांबवली आहेत. कॅन्सर आतड्याचा आहे आणि लिव्हरला पोचला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, इंजेक्शनं घेतली तर पुढचा हिवाळा बघाल, नाही घेतली तर हा पुरता बघाल की नाही, सांगता येत नाही. पण त्या औषधाने बोटं मरतात. फ्रिजमधलं दूध उचललं तरी हातात करंट बसतो. माझं काम थंड पाण्यातलं. शेवटी तर नखाएवढा पातळ दगड अंगठ्याखाली धरून फिरवायचा असतो, तिथे डोळ्याआधी बोटाला कळावं लागतं. इंजेक्शनं थांबवल्यावर बोटं थोडी परत आली.

मालविका त्यावरून भांडून गेली. तिने जर्मनमध्ये सांगितलं की लोखंडाच्या तुकड्यासाठी मरते आहेस. मी मराठीत सांगितलं की लोखंड नाही, पोलाद आहे. त्यानंतर तिचा फोन नाही. हे लिहिते आहे ते तिला वाचायला मिळेलच, तेव्हा इथेच सांगते: तुझ्यापेक्षा तलवार जास्त असा त्याचा अर्थ नव्हता. मला दुसरं काही येत नाही.

मध्येच मी गेले तर तलवार माझ्याकडे शिकलेल्या मिलनने पूर्ण करावी. तलवार मात्र मालविकाचीच राहील.

कलम ३. दगड. बारीक कामाचे दगड क्योटोकडच्या खाणींतले आहेत, तसे आता निघत नाहीत. त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं, गोठलं की तडकतात. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवू नयेत, बाल्कनीत तर मुळीच नाही. हे सगळे दगड आणि बसायचं तिरकं लाकडी स्टूल मिलनला द्यावं.

कलम ४. मिलनला का, ते लिहिते, नाहीतर मी त्याला माफ केलं असं लोक समजतील. पुण्याहून शिकायला आलेला हा मुलगा वर्षानुवर्षं माझ्या खोलीत बसला, माझ्या हातचं जेवला, मग बर्लिनला दुकान काढून माझी गिऱ्हाइकं घेऊन गेला. वेबसाइटवर लिहितो, क्योटोत शिकलो. क्योटोला तो हॉटेलात उतरला होता. मी फोन केला तर म्हणतो, "काकू, लोकांना जपान ऐकायचं असतं. हॅनोव्हरची काकू कोण ऐकणार?"

मी म्हणाले, "ज्याला तलवार कळते तो."

"आल्झो, म्हणजे अशी माणसं किती आहेत, काकू?"

तोंड गटाराचं आहे. पण इतका हलका हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही, आणि दगडांना तोंड चालत नाही, हात लागतो. म्हणून त्याला.

कलम ५. मिरजेची वहिनी, चारुलता, हिला काही नाही. डीटर होते तेव्हा ती एका दसऱ्याला इथे आली होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची म्हणून तिने गिऱ्हाइकाच्या तलवारीची मूठ काढली आणि मुठीत जाणारा भाग चिंच-मिठाने घासून लख्ख केला. त्या भागावरचा गंज कधीच काढत नाहीत. त्यावरून तलवारीचं वय कळतं, घडवणाऱ्याचं नाव तिथेच असतं. मी आले तर ती हळदकुंकू लावून उभी. "वन्सं, बघा, केवढी वर्षांची घाण निघाली." डीटर उठून बाहेर गेले आणि पावसात उभे राहिले. वहिनी मला म्हणाली, भाऊजींना आवडलं नाही वाटतं.

मी गेल्याचं तिला कळवावं. ती रडेल, रडू द्यावं.

कलम ६. मला जाळावं. इथे राख घरी देत नाहीत, पुरावी लागते. डीटरच्या शेजारी पुरावी. भटजी शोधत फिरू नये.

कलम ७. वरचं लिहून काही दिवस झाले. तलवार पूर्ण करण्याबद्दल कलम २ मध्ये जे लिहिलं ते रद्द करते. नीलिमा म्हणाली, "शैलाताई, खोडू नका, खाली लिहा." म्हणून खाली लिहिते.

तलवारीचं पातं आतून बाहेरून एक नसतं. आत मऊ लोखंड असतं, वर कडक पोलादाची साल. दर पॉलिशला साल झिजते. ही तलवार शेकडो वर्षं घासली गेली आहे. साल संपली की आतलं लोखंड उघडं पडतं, काळपट, भरड, फूल पडलेल्या डोळ्यासारखं. ते परत झाकता येत नाही.

मुठीपासून वीतभर वर एक जागा डीटरनी दगड न लावता सोडली होती. मला वाटायचं, तिथवर आले आणि हात गेला. मालविकालाही मी तेच सांगत आले. मंगळवारी मी तिथे दगड लावला. हाताला काही कळलं नाही. बोटं पुरती परत आलेली नव्हती, ते मला माहीत होतं, तरी लावला. धुऊन खिडकीपाशी धरली तर अंगठ्याएवढा डाग.

हात धड असतानाच त्यांनी ती जागा सोडली होती, आणि मग तलवारच सोडली. पुढे गेलं तर साल फुटेल हे त्यांना कळलं होतं. मला बोलले नाहीत. मी विचारलं नाही. आता कोणी, मिलननेसुद्धा, काही करण्यासारखं राहिलेलं नाही.

संध्याकाळी मालविकाला फोन केला.

"झाली?" तिने विचारलं. मराठीत.

"नाही होणार. मी घालवली."

पोरगी रडते तेव्हा नाक ओढते, ते ऐकू येत होतं.

"आता काय करणार आहेस?"

"गाडी घेऊन ये. क्रांकनहाउसला विचार, सोमवारी इंजेक्शनला जागा आहे का."

जागा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, मधला वेळ फुकट गेला, पूर्वीइतका उपयोग होईल असं नाही.

तलवारीबद्दल आता असं: तिला यापुढे कोणीही दगड लावू नये. तेल लावून कापडात ठेवावी. मालविकाला विकायची झाली तर घेणाऱ्याला डाग आधी दाखवावा, आणि कोणी केला असं त्याने विचारलं तर माझं नाव सांगावं.

इथे साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मी तरी घेते. मेल्यावर भांडायला दोन माणसं हवीत.

सही आज करते आहे, कारण सोमवारनंतर ही बोटं पेन धरतील असं नाही.

हॅनोव्हर, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

शैला ब्रांट

आमच्यासमोर सही केली. वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकही शब्द बदलू दिला नाही.
१. नीलिमा आठल्ये
२. वेदांग आठल्ये