आठ दिवसांत मिळणाऱ्या घड्याळाबाबत

ती. स्व. मामा यांना भाचीचा, दोन्ही हात जोडून आणि मान पूर्ण खाली घालून, नमस्कार.

तुमची मान कशी आहे? दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या घड्याळांवर वाकून बसलं की ती धरायची, हे मला आठवतं. मामींचीही तब्येत ठीक असेल. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहिणार होते, पण लेखी खोटं अंगाशी येतं असं आम्हाला दोन वर्षं शिकवलं आहे, म्हणून खरं तेच लिहिते. गेले चार दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. पत्राचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. ती रजिस्टर नोटीस मीच लिहिली होती. तीत तुमचा उल्लेख ‘सदरहू इसम’ असा आहे, त्याबद्दल आधी माफी मागते. बाकीच्या मजकुराबद्दलची माफी पुढे सविस्तर येईल.

त्याआधी माझ्या शिक्षणाविषयी सांगायला हवं, कारण नातेवाइकांत त्याबद्दल बराच गोंधळ आहे. मी कायदा आणि राज्यशास्त्र या दोन्हींची मिळून एकच पदवी घेते आहे. (लोक विचारतात, म्हणजे तू वकील होणार की मंत्री? अजून ठरलं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि आईचा जरा जास्तच.) सकाळी दुसऱ्या मजल्यावर कायद्याचे सर सांगतात, हक्क कोणाचा आहे ते बघा. दुपारी चौथ्या मजल्यावर राज्यशास्त्राच्या बाई सांगतात, चालतं कोणाचं ते बघा. तिसऱ्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तिथे पाच मिनिटं उभी राहून मी सकाळचं विसरते आणि दुपारसाठी तयार होते. दोन्ही विभागांचं आपसात पटत नाही. परीक्षेचं वेळापत्रकही एकमेकांना न विचारता लावतात, त्यामुळे गेल्या वर्षी मला एकाच वेळी दोन खोल्यांत बसायचं होतं. मी दोन्हीकडे अर्ज केला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, की आधी त्यांनी विचारायला हवं होतं.

तर गेल्या महिन्यात सरांनी सरावासाठी नोटीस लिहायला दिली. अशील काल्पनिक, प्रतिपक्ष काल्पनिक, तक्रारही काल्पनिक, पण बाकी सगळं खऱ्यासारखं हवं, अगदी पाकिटावरच्या पत्त्यासकट. (पिनकोड राहिला तर एक गुण कापतात.) आता माझी कल्पनाशक्ती तुम्हाला माहीत आहे. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधातही मी तुमच्याच मांजराचं वर्णन केलं होतं. मी कागद समोर घेऊन तासभर बसले आणि डोळ्यांसमोर आलं ते आमच्या बैठकीच्या खोलीतलं आजोबांचं लंबकाचं घड्याळ. म्हणजे घड्याळ नव्हे, त्याची जागा. आजोबा गेले त्या आठवड्यात ते बंद पडलं, तुम्ही ते खाली उतरवून दुकानात नेलंत आणि आठ दिवसांत देतो म्हणालात. याला नऊ वर्षं झाली. भिंतीवर तेवढा एक लांबट फिकट चौकोन राहिला आहे. दोनदा घराला रंग दिला तरी आईने तिथे रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. मग अशील म्हणून आईचं नाव आणि पाकिटावर तुमच्या दुकानाचा पत्ता घालून मी लिहीत सुटले. ‘माझ्या अशिलाच्या वतीने आपणांस कळविण्यात येते की, सदरहू इसमाने सदरहू घड्याळ विश्वासाने ताब्यात घेऊन...’ पुढचं तुम्ही वाचलंच आहे. ‘अन्यथा नाइलाजाने’ हे शब्द मला फार आवडतात, म्हणून ते तीनदा आले आहेत.

आमच्या कार्यालयात दोन ट्रे असतात. एकात विद्यार्थ्यांचे सराव तपासायला जातात, दुसऱ्यात गरजू लोकांसाठी सरांनी लिहिलेल्या खऱ्या नोटिसा टपालाला जातात. मी पाकीट कुठे ठेवलं हे वेगळं सांगायला नको. तिथल्या कारकून बाईंकडे माझा ओळखपत्राचा अर्ज चार महिने पडून आहे, पण हे पाकीट त्यांनी शिक्का मारून, रजिस्टर करून, पोचपावतीसह चाळीस मिनिटांत रवाना केलं. मी धावत गेले तेव्हा त्या हात धुऊन डबा उघडत होत्या आणि इतक्या समाधानात होत्या की मला रागावताही आलं नाही. सरांनी मागून माझी प्रत तपासून दहापैकी सात गुण दिले. तीन कापले, कारण तक्रार उत्तम मांडली आहे, पण अशिलाला नेमकं काय हवं आहे ते समजत नाही, असा शेरा होता. मला तो शेरा तेव्हा अन्यायकारक वाटला.

मग तुमचं उत्तर आलं, तेही आईच्या नावाने, आणि आईनेच उघडलं. आत पत्र नव्हतं, वकिलाचा कागद नव्हता. तुमच्या दुकानाच्या पावतीपुस्तकातली तुमच्याकडे राहिलेली अर्धी पावती तेवढी होती. वस्तू, भिंतीवरचं घड्याळ. तक्रार, बंद. मुदत, आठ दिवस. गिऱ्हाइकाचं नाव, ताई. ती आत्ताच का आली हे आईला उमगेना, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या नोटिशीची प्रत वाचली. मला वाटलं आता भांडं येणार अंगावर. तिने फक्त लंबक पितळेचा नव्हता एवढी दुरुस्ती सांगितली आणि विचारलं, “भावाला असं लिहितात होय गं?” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. मामा, मला खरंच फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

ती पावती मी सरांना दाखवली तर ते खूश झाले. प्रतिपक्षाने पुरावा आपणहून हातात दिला, आता खटला खिशात, असं म्हणाले. दुपारी बाईंना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बराच वेळ बघितली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं की तीस दिवसांत वस्तू न नेल्यास जबाबदारी राहणार नाही, आणि पावती आणल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. बाई म्हणाल्या, तिसाव्या दिवशी सुटलेला माणूस नऊ वर्षं अर्धी पावती सांभाळून का ठेवतो, याचा विचार कर. मी तिसऱ्या मजल्यावर नळापाशी बसून तो विचार केला. पहिल्यांदाच मला दोन्ही मजल्यांचं एकदम आठवलं. आईचं म्हणणं, आपल्याच बापाचं घड्याळ मागायला मी थोरलीने धाकट्याच्या दारात का जावं. तुमचं म्हणणं, गिऱ्हाइकाने पावती घेऊन यावं असा दुकानाचा नियम. म्हणून तुम्ही दोघं नऊ वर्षं लग्नकार्यात मधे दोन रांगा सोडून बसता. अर्ध्या पावतीचा अर्थ मला कळला, असं मी समजते. चुकत असेन तर कान धरा, फक्त समोर येऊन धरा.

नोटीस मी या पत्राने बिनशर्त मागे घेते. मामींना नमस्कार, मांजर अजून असेल तर त्याला निबंधाबद्दल उशिराने आभार.

तुमची भाची
(कोणाचीही वकील नाही)

ता. क. : हे पत्र मी लिहिलं हे आईला माहीत नाही. लंबक पितळेचा नव्हता, तर कशाचा होता?

आणखी ता. क. : काल कपाट आवरायचं निमित्त काढून आईने बटणांचा डबा उपसला. तिची अर्धी पावती तळाशी घडी करून ठेवलेली होती. शनिवारी अकरा वाजता ती ‘बाजारात’ जाणार आहे. बाजार तुमच्या दुकानाच्या विरुद्ध दिशेला आहे, हे तिलाही ठाऊक आहे. शनिवारी जेवायला दुकान लवकर बंद करू नका.

शेवटचं ता. क. : घड्याळ तुम्ही केव्हाच दुरुस्त केलं असणार. ते दुकानात समोर टांगलेलं असेल तर त्या दिवशी आत ठेवा. ती आली की खुर्ची द्या, पावती नीट वाचा आणि सांगा, ताई, अजून आठ दिवस लागतील. म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल. भिंतीची काळजी करू नका, ती थांबेल.