धुवून ठेवलेले कुंचले

जिंतूर, मंगळवार, संध्याकाळ

काल निबंधात लिहिलं ते चूक. 'कादंबरीतली नायिका संसारासाठी चित्रकला सोडते' हे वाक्य माझं नव्हतं, आबांचं होतं. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, अर्थही तेच सांगत आले. पुस्तकात एवढंच आहे की लग्नानंतर ती कुंचले धुवून ठेवते. सोडणारी कशाला धुवील?

जेवताना आबांना हेच विचारलं.

"त्या बाईचं राहू दे. शुक्रवारी तुला पाहायला पाव्हणे यायलेत."

"त्याच दिवशी परभणीला कॉलेजात माझा निबंध वाचायचाय."

आई म्हणाली, "पाव्हण्यांनाच वाचून दाखव. पोहे तरी गुमान गिळतील."

आबा हसले. मीही हसले, भित्री कुठली! पण तिनं कुंचले धुतले होते. शुक्रवारी पहिल्या एसटीनं मी परभणीला जाणार.