धारेवरची हाळी

सोमवार, ता. ४

पोचले बाई एकदाची! आधी बस, मग दुसरी बस, मग सामानाचा टेम्पो आणि शेवटचा चढ पायी. बॅग ओढताना सगळे देव आठवले. पण खोली पाहिली आणि शीण पळाला. लहानशी आहे, भिंतीला नवा रंग आणि खिडकीत समोर डोंगराची लांबच लांब धार. उन्हाळा नुकताच लागलाय. इथे दिवस मावळता मावळत नाही, जेवणं आटोपली तरी बाहेर लख्ख उजेड.

माझं काम सोपं आहे. पाहुण्यांची तुकडी सकाळी धारेवर चढते, दिवसभर चालते आणि संध्याकाळी पलीकडच्या खिंडीत उतरते. सगळ्यांत पुढे मास्तर. त्यांनी जन्मात कुणाला शाळेत शिकवलेलं नाही, तरी सगळे मास्तरच म्हणतात. सगळ्यांत मागे मी. या कामाला इथे ‘शेपूट’ म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, एवढं शिकून शेवटी शेपूट झालीस होय!

दारामागे एक निळा रेनकोट टांगलेला होता, आधीच्या शेपटाचा. स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, एक दिवस धारेवरून उतरली ती तडक घरी निघाली. हा तुझा कोट घे म्हटलं, तर तिला तो ओळखूच येईना. असतात एकेक विसरभोळी माणसं.

मंगळवार, ता. ५

आज मास्तरांनी हाळी शिकवली. धार काही ठिकाणी जेमतेम पाऊलभर रुंद, आणि धुकं उतरलं की पुढचं माणूस दिसत नाही. म्हणून वाटेतल्या प्रत्येक दगडांच्या राशीपाशी मास्तर हाळी देतात. मग पुढून मागे एकेक जण ‘आहे’ म्हणतो आणि शेवटी शेपटाने म्हणायचं, ‘झालं!’ ते ऐकलं की रांग हलते.

शेपटासाठी एक नियम आणखी आहे. ‘झालं’नंतर मागून कुणी ‘आहे’ म्हटलं, तर ओ द्यायची नाही आणि मागे जायचं नाही. आवाज कुणाचाही असो, झालं म्हटलं की झालं. मला फिसकन हसू आलं. मास्तर हसले नाहीत. खडूस म्हातारा!

शनिवार, ता. ९

बारकी आली! माझी धाकटी बहीण. वर्षभर अंथरुणाला खिळली होती, आत्ता कुठे गालावर रंग दिसतोय. आई तिला सोडायलाच तयार नव्हती. शेवटी मी शब्द दिला, की जशी पाठवतेस तशी हाती आणून देईन.

आल्या आल्या तिने उद्या धारेवर यायचा हट्ट धरलाय. तिला माझ्या अगदी पुढ्यात ठेवणार, म्हणजे नजर राहील. बजावून ठेवलंय, की अरुंद वाटेवर मागे वळायचं नाही, मी हाक मारली तरी नाही, तोल जातो. म्हणाली, बरं आजीबाई.

रविवार, ता. १०, सकाळ

पहिला थांबा. काय सुरेख ऊन पडलंय! बारकी लाल टोपी घालून माझ्यापुढे चालतेय. चढावर दम लागतो, पण तोंडाचा पट्टा चालूच. हाळीला ‘आहे’ इतक्या जोरात ओरडते की मास्तरसुद्धा हसले. आईने आत्ता बघायला हवं होतं तिला.

दुपार

धुकं उतरलंय. पांढरंफटक, उन्हाने भरलेलं, डोळे दिपतात. मास्तरांनी सगळ्यांना बसवलंय, म्हणून लिहितेय.

मघाच्या राशीपाशी हाळी झाली. बारकी ‘आहे’ म्हणाली. मी ‘झालं’ म्हणाले. आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, ‘आहे.’

बारकीच्या आवाजात.

कान वाजले असतील. माझ्या मागे कुणी नाही. मीच तर शेवटची.

पुढची रास

पुन्हा आला. या वेळी रडत. ताई, थांब ना गं, पाय मुरगळलाय. आजारपणात हाक मारायची ना, तश्शी.

मग माझ्यापुढची लाल टोपी कुणाची?

हाक मारली तिला. बारके, मागे बघ. वळली नाही. परत मारली. नुसती मान हलवली, नाही म्हणून. माझी बारकी असं करेल? माझ्या हाकेला?

रांग निघाली. मागचं रडणं बारीक होत चाललंय. आईला काय तोंड दाखवू? खड्ड्यात गेला तो नियम. मी जातेय मागे —

नंतर

कुणी नाही. रास आहे, दगड आहेत. रडणं थांबलंय.

आणि आत्ता आठवतंय. मी हाक मारली तरी वळू नकोस — मीच बजावलं होतं. मीच! गुणी पोर माझी, शब्द पाळला तिने. लाल टोपी तीच होती. देवा, तीच होती —

चालतेय. धावता येत नाही. एकीकडे दरी, दुसरीकडेही दरी.

तीच रास. पुन्हा तीच. पाय तुटले, पण ऊन तसंच डोक्यावर. संध्याकाळ होतच नाही —

हाळी! मास्तरांची! पुढेच आहेत. आहे, आहे, आहे — आणि बारकी, खणखणीत — आहे.

मी तोंड उघडलं. त्याआधीच तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, झालं.

माझा आवाज.

ओरडले. घसा फाटेस्तोवर. मी आहे, मास्तर, मी इथे आहे, ती मी नाही! कुणी ओ दिली नाही. कशी देतील. झालं म्हटलं की —

तो निळा कोट. तिला ओळखू आला नाही. विसरभोळी नव्हती, ती तीच नव्हती —

हसतेय बारकी. माझ्या आवाजाने काहीतरी विनोद केला, आणि ती हसतेय. खिंडीकडे उतरतायत. घरी जातील. आई दार उघडेल आणि दोघींना —

बारके, वळ. मी बजावलेलं सगळं विसर. ती सांगेल, वळू नकोस. माझ्याच आवाजात सांगेल. ऐकू नको तिचं. वळ गं राणी, एकदा, फक्त एकदा माग