तपासणं आणि उघडणं यांच्या मधे

सोमवार, ३
लागली बाबा एकदाची नोकरी! खिडकीजवळची खुर्ची, दोन स्क्रीन, चहा फुकट. आमचं सॉफ्टवेअर एका मोठ्या यंत्रात शेकडो आभासी यंत्रं चालवतं, प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या भिंतीआड. ही खुर्ची आधी एका मॅडमची होती. सगळे त्यांना 'शंकेखोर' म्हणत. महिन्यापूर्वी वारल्या, असं दाढीवाल्या टेस्टरने सांगितलं आणि लगेच जेवायला चल म्हणाला.

बुधवार, ५
सॉफ्टवेअरमधल्या चुकीबद्दल मॅडमनी नोंदवलेली एक तक्रार अजून उघडी होती. सॉफ्टवेअर आधी तपासतं, ही जागा याच गिऱ्हाइकाची ना? मग दार उघडतं. त्या दोन्हींमधल्या क्षणभराच्या फटीत कुणी जागा बदलली, की थेट शेजाऱ्याच्या घरात! पाळत ठेवायला मी कोडमध्ये जागोजागी, प्रत्येक पाऊल लिहून ठेवणाऱ्या नोंदी घातल्या आणि हजारदा चालवून पाहिलं. कुठे काय! साहेब म्हणाले, मिटव एकदाचं. 'चूक आढळत नाही' असं लिहून बंद केली. टेस्टरने आणि साहेबांनी मान्यता दिली.

शुक्रवार, ७
गाढव आहे मी. माझ्या नोंदींनीच वेग मंदावला होता, म्हणून फट दिसेना. नोंदी काढल्या आणि तिसऱ्याच खेपेला भिंत फुटली. साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, तीही हेच रडगाणं गायची. टेस्टरकडून उरलेलं कळलं. याच फटीतून एका रुग्णालयाची सगळी माहिती चोरीला गेली. साहेबांनी खापर मॅडमवर फोडलं, टेस्टरनेही त्यांचीच री ओढली. मॅडमनी जीव दिला. संताप आला, पण नोकरी नवी. गप्प बसलो.

मंगळवार, ११
टेस्टर गेला. लिफ्टचं दार उघडलं, त्याने आत पाहिलं. लिफ्ट होती. मी मागेच होतो, मीही पाहिली. पाय टाकला तेव्हा नव्हती.

बुधवार, १२
साहेब. रस्ता दोन्हीकडे पाहिला, रिकामा. उतरले आणि— ट्रक कुठून आला, कुणालाच—
तक्रार पुन्हा उघडायला गेलो. 'उघडी' निवडलं, नीट पाहिलं, बटण दाबलं. 'बंद'. अकरा वेळा. मग मॅडमच्या खात्यातून एक ओळ उमटली: चूक आढळत नाही.

शुक्रवार, १४
दार नको. जिना नको. गॅस नको. कोपऱ्यात बसलोय. मॅडम, चुकलो हो. कळल्यावरही मी तोंड—
दोन दिवस पाण्याचा थेंब नाही.
बाटली सीलबंद. फोडली. हुंगली. जिभेला लावून पाहिलं, पाणीच. नक्की पाणीच.
घेतला घोट—
घसा जळ