पायाने वाजवतो, तर चालतो कशाने?

नरडाणा, ता. ११ मार्च १९८८

प्रिय अभिमन,

ज्याने तुझा बँडातला पहिला कोट शिवला आणि ज्याला तू नाशिकला गेल्यापासून तीन वर्षांत फक्त काम पडल्यावर पत्र लिहिलंस, त्या लोटन शिंप्याचा तुला पोटभर रामराम. इकडे सगळे बरे आहेत. थंडी गेल्यापासून तुझ्या मायचा गुडघा वळायला लागला आहे. आबांचा खोकला फक्त घरात काम सांगितलं की येतो, ट्रंपेट तोंडाला लावला की जातो, तेव्हा काळजी करू नकोस. तुझी तब्येत कशी आहे? कंपनीच्या कँटीनचं खाऊन पोट सुटलं आहे का? (हे मी सहज विचारत नाही. कारण पुढे येईल.)

तू पाठवलेली कॅसेट पोचली आणि याच पार्सलातून परत पाठवत आहे. कॅसेट सुखरूप आहे. प्लॅस्टिकची डबी, आतला फोटोचा कागद, दोन्ही चाकं, त्यावरची पट्टी, सगळं जागच्या जागी आहे, हे मी शपथेवर सांगतो. तुमच्या कंपनीतल्या जर्मन साहेबाने मायदेशी परत जाताना ती तुला दिली, आणि असली दुसरी कॅसेट अख्ख्या नाशकात मिळणार नाही, हे तू चिठ्ठीत दोनदा लिहिलं होतंस. एकदा लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मी वस्तू जपणारा माणूस आहे.

तुझी चिठ्ठी मी पाठ केली आहे. आबांना हा अमेरिकेतला बँड ऐकव, मी पाठवला हे सांगू नको, आणि ते काय म्हणतात ते शब्दाला शब्द कळव. जमलं तर त्यांचा आवाजच कॅसेटच्या दुसऱ्या कोऱ्या बाजूवर भरून पाठव. अभिमन, तुला हे का हवं आहे ते मला कळतं. शिंदखेड्याच्या त्या वरातीत मी होतोच की. मारुतीच्या पारापाशी आबांनी चाल उचलली आणि तू तुझी क्लॅरिनेट घेऊन त्या चालीतून मधेच बाहेर पडलास. कुठे गेलास ते कोणालाच कळेना. नाचणारी पोरं पाय वर धरून उभी राहिली. घोडी मात्र थांबली नाही (ती बहिरी होती हे मागाहून कळलं), आणि नवरदेव वरातीशिवाय एकटाच मांडवात जाऊन पोचला. आबांनी चारशे माणसांदेखत तुझ्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतली. चाल मास्तरची असते, एवढंच म्हणाले. आठव्या दिवशी तू नाशिकची गाडी धरलीस. तेव्हापासून बाप तुझं नाव घेत नाही आणि तू त्याच्या नावाने पत्र टाकत नाहीस, आणि दोघांच्या मधे मी, हातात सुई घेऊन.

आता एकदम आबांनाच कॅसेट ऐकवली असती तर त्यांना संशय आला असता. म्हणून मी आधी ती दुकानात सगळ्यांसाठी लावली. माझ्या सुरतच्या मेव्हण्याने दिलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन आहेच. (त्यात भरताही येतं. दोन बटणं एकदम दाबायची. मला उत्तम येतं.) कोण काय म्हणालं ते विसरू नये म्हणून हाताशी असलेल्या मापाच्या वहीत टिपून ठेवलं. त्यामुळे मधे कुठे छाती-कंबर आली तर ती सोडून वाच.

पहिली आली धुरपदाबाई, ब्लाउजचं कापड घेऊन. दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, ‘कोनं लगीन शे?’ मी म्हटलं, लग्न नाही, नुसतं वाजवताहेत. ‘मंग कसाले वाजाडतस?’ लग्न नाही तर कशाला वाजवतात, ते तुला माहीत असेल तर कळव. तिने आणखी थोडं ऐकलं आणि तिच्या ध्यानात आलं की बँडाचा आवाज लांब जात नाही आणि जवळही येत नाही. म्हणजे वरात एका जागी थांबली आहे. आणि वरात एवढा वेळ थांबते ती एकाच कारणाने. नवरदेव रुसला! तेवढ्यात कॅसेटमधल्या माणसांनी चाल संपायच्या आतच मधेच टाळ्या वाजवल्या. धुरपदाबाईला एवढा आनंद झाला की तिने कापड खाली टाकलं. ‘उठना! नवरदेव उठना!’ पण बँड तिथेच. थोड्या वेळाने पुन्हा टाळ्या, पुन्हा बँड तिथेच. असा तो नवरदेव पाच वेळा उठला आणि पाच वेळा बसला. शेवटी ती चिडली, सायकल मागतो की रेडिओ ते एकदाचं विचारा म्हणाली, आणि माप न देताच निघून गेली. तेव्हापासून रोज दुकानावरून जाताना विचारते, लग्न लागलं का? मी म्हणतो, अजून नाही. माझ्याने तिला खरं सांगवत नाही, आणि खरं म्हणजे आता मलाही त्या नवरदेवाची काळजी वाटायला लागली आहे.

मग वना आला, केळीचा ट्रक घेऊन रावेरहून दिल्लीला जाणारा. बाहेरगावचं काहीही निघालं की त्याला ते आधीपासून माहीत असतं. दिल्लीच्या वाटेवर हे असलं रोज वाजतं, म्हणाला. मी विचारलं, या गाण्याचं नाव काय? तो म्हणाला, तिकडच्या गाण्यांना नाव नसतं, नंबर असतो. मी नंबर विचारला, तर त्याला ट्रक आठवला. (वहीत त्याच्यापुढे मी कॉलर साडेपंधरा लिहिलं आहे. ते त्याचं मत नव्हे.)

खरा गोंधळ झाला तो आपल्या हिलालमुळे. आबांच्या बँडात वीस वर्षं ढोल वाजवणारा माणूस, त्याचं मत वजनदार. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला की ढोलवाले चार आहेत आणि त्यातला एक नवशिका आहे. मी त्याला डबीतला फोटो दाखवला. तू तो नीट पाहिला आहेस का? मी भिंग लावून पाहिला. सतराजण आहेत. सगळे खुर्च्यांवर बसले आहेत! आधी कोटाबद्दल सांगतो, कारण तो माझा विषय. खांद्याला एक सुरकुती नाही, बाही मनगटावर बरोबर संपते, शिवणाऱ्याचे हात धरावेत असं काम. पण जरीची फीत नाही, खांद्यावर झुपका नाही, पितळेचं बटण एक नाही. असल्या बँडाला लग्नात कोण बोलावणार? तर, मागच्या बाजूला एकच माणूस, त्याच्यापुढे पाच ढोल, वर झांजा टांगलेल्या, आणि सगळ्यात मोठा ढोल पायाशी. हिलालने फोटो उजेडात धरला, उलटा केला, मागे कोण लपलं आहे का ते पाहिलं. मोठा ढोल हा पायाने वाजवतो हे कळल्यावर तो मटकन बाकावर बसला. ‘पायघाई वाजाडस ते चालस कशाघाई?’

अभिमन, हा प्रश्न दुकानातून स्टेशनपर्यंत गेला आणि परत आला. हिलालचं म्हणणं चूक नाही. आपल्याकडे बँड म्हणजे चालणं. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत, उन्हात, धुळीत, घोडीच्या मागे की पुढे ते बघत, दम राखत चालायचं. आबा कोणालाही बँडात घेताना आधी त्याचे पाय बघतात, मग फुंक बघतात. आणि इथे सतरा धडधाकट माणसं खुर्च्यांवर बसतात आणि ऐकणारे त्यांच्याकडे चालत येतात! काय लोक असतील! कसली गावं असतील! मला रात्रंदिवस तोच विचार. कापताना दोन लेंगे आखूड झाले.

असं सगळं गाव तयार झाल्यावर मागच्या रविवारी दुपारी मी आबांना बोलावलं. नव्या कोटाचं माप घ्यायचं आहे, असं खोटंच सांगितलं. ते आले. मी त्यांना दोन्ही हात बाजूला पसरून उभं केलं, छातीभोवती फीत धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

सुरुवातीला सगळे एकदम वाजवतात ना, तेव्हा आबांनी नुसती मान हलवली. तिसरा ट्रंपेटवाला दम मोडून घेतो म्हणाले. (सतरा माणसांत त्यांनी तिसरा शोधला!) मग सगळे हलके झाले आणि एक क्लॅरिनेटवाला एकटा निघाला. तोच तो. तुला माहीत आहे कोणता. आधी चालीच्या कडेकडेने, मग चाल सोडून थेट बाहेर, तू शिंदखेड्याला गेला होतास तसाच. मी फीत धरूनच उभा. वाटलं, आता हात खाली येणार आणि माझा टू-इन-वन रस्त्यावर जाणार. पण हात खाली आले नाहीत. बाकीचे सोळाजण मागे खाली आवाजात चाल धरून थांबले होते, तो कुठवर जाऊन परत येतो ते बघत. आणि तो आला, अगदी वेळेवर, आणि त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माप कधीच घेऊन झालं होतं. आबा तसेच हात पसरून उभे होते, संपेपर्यंत.

मग ते म्हणाले, ‘तो एकला जास. बाकीना वाट दखतस.’ एवढंच. शब्दाला शब्द लिहिलं आहे. टोपी घातली आणि घरी गेले.  मला वाईट वाटलं, कारण तुला कळवायला माझ्याकडे दोन वाक्यं आणि छाती अडतीस एवढंच होतं.

पण सोमवारी सकाळी ते स्वतः आले, बगलेत ट्रंपेट, मागे हिलाल. म्हणाले, तोंडाने सांगता येत नाही, तुझ्या डब्यात वाजवलेलं भरता येतं का? येतं म्हणजे काय! मी आधी धुरपदाबाई, दिल्लीहून परतलेला वना आणि हिलाल यांची मतं त्यांच्याच आवाजात भरून घेतली, म्हणजे यंत्र तापतं, आणि मग आबांना समोर बसवलं. खुर्चीवर. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बसून वाजवलं. अकरा मिनिटं वाजवलं. काय वाजवलं ते मी सांगणार नाही, तू ऐक. मी शिंपी माणूस, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मान्य करतो.

सध्या एवढंच. मायने तुझ्यासाठी उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या दिल्या आहेत, त्या याच पार्सलात कॅसेटच्या भोवती लावल्या आहेत, म्हणजे दोन्ही एकमेकांना सांभाळतील.

तुझा,
लोटन

ता. क. कॅसेट सुखरूप आहे असं वर लिहिलं ते खरंच आहे. पण तू म्हणालास ती कोरी बाजू अजून कोरीच आहे. सोमवारी कॅसेट घालताना ती उलटायची राहिली. म्हणजे सगळ्यांची मतं आणि आबा हे साहेबाच्या बँडावरच भरले गेले. तो क्लॅरिनेटवाला गेला. सतराजण गेले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुला काय बोलायचं ते बोल, फक्त पोस्टकार्डावर नको, आपला पोस्टमन वाचतो.

ता. क. दुसरा. सगळेच गेले नाहीत. शेवटी थोडी पट्टी उरली आहे. आबा थांबतात, खट्ट असा आवाज होतो, आणि लगेच त्या तिकडच्या लोकांच्या टाळ्या सुरू होतात. मी लावून दाखवलं तेव्हा आबांना यंत्राची सगळी गंमत समजावून सांगितली. त्यांना कळली. तरी त्यांनी टोपी काढली आणि टाळ्या संपेपर्यंत हातात धरली.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं यासाठीच. आबांच्या वाजवण्यात मधे तीनदा नुसता हिलालचा हलका ढोल ऐकू येतो आणि आबा गप्प असतात. मला वाटलं, दम लागला किंवा माझ्या यंत्रात बिघाड. आबा म्हणाले, बिघाड नाही, तिथे क्लॅरिनेट आहे. डबीवर तू लिहिलेलं ‘दुसरी बाजू कोरी’ हे अक्षर त्यांनी रविवारीच ओळखलं होतं. मी तुझं नाव घेतलं नाही, त्यांनीही घेतलं नाही. माझ्या पोरीचं, ताईबाईचं, लग्न आखाजीच्या सणानंतर सहाव्या दिवशी आहे, बँड आबांचा. तुझा कोट मी जुन्या मापाने शिवून ठेवला आहे, पोटाचं तेवढं खरं कळव. क्लॅरिनेट आबांच्या ट्रंकेत आहे, दर शनिवारी ते पुसतात हे माय सांगते. आबांनी तुला निरोप दिला आहे: ‘त्याले सांग, मी थांबसू. वरात थांबत नही.’ तेव्हा आदल्या दिवशीच्या गाडीने ये.